चर्चच्या दाराबाहेरची गिटार

अमेरिकेच्या संसदेचं ग्रंथालय, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस, दरवर्षी पंचवीस ध्वनिमुद्रणं निवडतं आणि देशाचा ठेवा म्हणून ती कायमची जतन करायचं ठरवतं. २०१३ सालच्या यादीत यूटू या आयरिश बँडचा ‘द जोशुआ ट्री’ होता. तो जगभर गाजलेला, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. त्याच यादीत लॅरी नॉर्मन या गायकाचा ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ हा १९७२ सालचा अल्बमही होता, आणि हे नाव रॉक संगीताच्या बऱ्याच चाहत्यांनीही कधी ऐकलेलं नव्हतं. हा अल्बम निघाला तेव्हा अनेक ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांनी तो ठेवायला नकार दिला होता, आणि रॉकच्या दुकानांत तो फारसा खपला नव्हता. एकाला तो फार रॉक वाटला, दुसऱ्याला फार ख्रिस्ती.

आज ज्याला ‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’ म्हणतात, ज्याची अमेरिकेत स्वतंत्र रेडिओ केंद्रं, कंपन्या आणि पारितोषिकं आहेत, त्याचं हे बालपण. तेव्हा त्याला ‘जीजस म्युझिक’ म्हणत. साधारण १९६९ ते १९८२ या काळात निघालेल्या या तबकड्यांवर आयुष्यभर जीव लावलेली माणसं आजही आहेत. सोळा-सतरा वर्षांचे असताना एखाद्या शिबिरात किंवा कार्यक्रमानंतर दाराशी मांडलेल्या टेबलावरून त्यांनी पहिली एलपी घेतली, आणि आता सत्तरी गाठल्यावरही ती जपून ठेवली आहे. हे निव्वळ तरुणपणाच्या आठवणींचं प्रेम आहे असं म्हणून ते बाजूला सारता येत नाही. त्या संगीतात खरोखर काहीतरी होतं. ते तेव्हा कुणाच्याच मालकीचं नव्हतं, त्यामुळे ते करणाऱ्यांना कुणाची मर्जी राखावी लागत नव्हती. या संगीताचं उत्तम काम त्याला नाव आणि बाजार मिळण्याआधी झालं, असं हे अल्बम पुन्हा ऐकताना ठामपणे वाटतं.

ही गोष्ट सुरू होते हिप्पींपासून. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात घर सोडून आलेल्या तरुणांचे लोंढे लोटले. व्हिएतनाम युद्धाचा संताप होता, एलएसडीची नशा होती, आणि सगळं जग नव्याने मांडता येईल अशी आशाही होती. त्याच वस्तीत टेड वाइज आणि त्याच्या सोबत्यांनी ‘द लिव्हिंग रूम’ नावाचं एक छोटं केंद्र थाटलं. ही मंडळी स्वतःच हिप्पी होती. येशूकडे वळताना त्यांनी ना केस कापले, ना पेहराव बदलला. पुढच्या दोन-तीन वर्षांत अशी ठिकाणं कॅलिफोर्नियाभर झाली. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर आर्थर ब्लेसिट यांचं ‘हिज प्लेस’ होतं, तर हॉलिवूडमधल्या प्रेस्बिटेरियन चर्चने ‘सॉल्ट कंपनी’ नावाचं कॉफीहाउस चालवलं होतं. रविवारच्या उपासनेत ऑर्गन वाजे आणि शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची गीतं म्हटली जात. या कॉफीहाउसमध्ये मात्र पोरं गिटार घेऊन बसत आणि आदल्या आठवड्यात स्वतः रचलेलं गाणं म्हणत. २१ जून १९७१ च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने या चळवळीला मुखपृष्ठ दिलं, तोवर ती पार देशभर पसरली होती.

पहिला ख्रिस्ती रॉक अल्बम कोणता, यावर चाहते अजून हिरिरीने वाद घालतात. १९६६ साली द क्रुसेडर्स या बँडने ड्रम आणि गिटारवर भक्तिगीतं वाजवून एक तबकडी काढली होती. १९६८ मध्ये द इलेक्ट्रिक प्रून्सने लॅटिन मिसा चक्क रॉकमध्ये बांधली. पण ज्यातून पुढे परंपरा उभी राहिली, तो अल्बम बहुतेकांच्या मते लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’. १९६९ च्या अखेरीस तो कॅपिटॉल या बड्या कंपनीने काढला. नॉर्मन त्याआधी ‘पीपल!’ या बँडमध्ये गात असे, आणि त्या बँडचं ‘आय लव्ह यू’ हे गाणं १९६८ मध्ये बिलबोर्डच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. म्हणजे रॉक त्याला बाहेरून शिकावं लागलं नव्हतं.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कोस्टा मेसा नावाचं गाव आहे. तिथल्या कॅल्व्हरी चॅपलचे पाळक चक स्मिथ हे मध्यमवयीन, टक्कल पडत चाललेले, नेटके कपडे घालणारे गृहस्थ. लॉनी फ्रिस्बी हा लांब केसांचा तरुण त्यांच्याकडे आला आणि त्याच्यामागून शेकडो हिप्पी येऊ लागले. अनवाणी पोरांमुळे चर्चचा नवा गालिचा खराब होतोय अशी कुरकुर झाली तेव्हा, पोरांना दाराबाहेर ठेवण्यापेक्षा गालिचाच उखडून टाकू, अशी भूमिका स्मिथ यांनी घेतली. ही गोष्ट तिथल्या ख्रिस्ती मंडळींत अजून सांगितली जाते. गर्दी वाढली, इमारत पुरेना, तेव्हा तंबू ठोकला. बाप्तिस्मे होत ते थेट पॅसिफिकच्या लाटांत, कोरोना डेल मारच्या किनाऱ्यावर.

याच मंडळीतून ‘लव्ह साँग’ हा बँड पुढे आला. त्यातला चक जिरार्ड मुळात पॉप गायक. १९६४ मध्ये गाजलेल्या ‘लिटल होंडा’ या गाण्यातला मुख्य आवाज त्याचाच. त्याने आणि टॉमी कूम्स, जे ट्रुएक्स यांच्यासारख्या साथीदारांनी १९७२ साली ‘लव्ह साँग’ याच नावाचा अल्बम काढला. तो आज ऐकला की आधी जाणवतो त्यातला गळ्यांचा मेळ. बीच बॉइज आणि बीटल्स ऐकत वाढलेल्या पोरांनी तीन-तीन, चार-चार सुरांची बांधणी केली आहे, आणि तीही इतकी सैल आणि आरामशीर की कुणी आपल्याला काही पटवून देतंय असं वाटतच नाही. गाण्यांचा विषय एकच: हरवलो होतो, आता सापडलो. तो हळू आवाजात, शेजारी बसून सांगितल्यासारखा येतो. प्रवचन गाण्यात न घुसवण्याचं भान या पोरांना होतं. पुढच्या काळात ते फार थोड्यांना राहिलं.

कॅल्व्हरी चॅपलने १९७१ साली ‘मॅरानाथा! म्युझिक’ ही स्वतःची कंपनी काढली. तिची पहिली तबकडी म्हणजे मंडळीतल्या निरनिराळ्या गटांच्या गाण्यांचा संग्रह. त्यात ‘चिल्ड्रन ऑफ द डे’ हा गट होता, आणि त्यातली मार्शा स्टीव्हन्स ही किशोरवयातच गीतं रचू लागलेली. तिचं ‘फॉर दोज टिअर्स आय डाइड’ हे गीत अमेरिकेतल्या असंख्य मंडळ्यांच्या गीतपुस्तकांत गेलं. पुढे १९७० च्या दशकाच्या शेवटी तिने आपण समलिंगी असल्याचं उघड केलं, आणि ज्या मंडळ्या ते गीत डोळ्यांत पाणी आणून म्हणत होत्या त्यांतल्या कित्येकांनी तिला दूर लोटलं. गीत मात्र टिकलं. तीही गात राहिली.

आता ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’कडे जरा सावकाश पाहायला हवं. मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभा असलेला नॉर्मन दिसतो. फिकट सोनेरी केस खांद्याखाली आलेले, हात डोक्यावर, चेहऱ्यावर वाट चुकलेल्या माणसाचा भाव. ध्वनिमुद्रण झालं लंडनच्या एअर स्टुडिओत. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी उभारलेला हा स्टुडिओ त्या काळी जगातल्या उत्तम स्टुडिओंपैकी होता. ख्रिस्ती तबकडी म्हणजे स्वस्तातलं, घाईतलं काम, ही समजूत या एका अल्बमने मोडीत काढली. एकेक वाद्य सुटं ऐकू येतं, ड्रमचा ठोका नेमका बसतो, आणि नॉर्मनचा काहीसा नाकातला, चिरका आवाज त्या सगळ्यावर स्वार होतो.

पण खरी ताकद विषयांत आहे. ‘द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल’ हे गाणं म्हणजे अमेरिकेवरचं आरोपपत्र. वर्णद्वेष, युद्ध, चंद्रावर माणूस पाठवण्यात ओतलेला पैसा आणि दारातली भूक, हे सगळं एकापाठोपाठ एक येतं, आणि देवाचं नाव घेऊन हे सारं खपवून घेणाऱ्यांनाही तो सोडत नाही. ‘आय अ‍ॅम द सिक्स ओ’क्लॉक न्यूज’मध्ये बोलतो तो व्हिएतनामची दृश्यं टिपणारा बातमीदार, ज्याच्या लेखी जळतं गाव म्हणजे संध्याकाळचं बातमीपत्र. ‘द आउटलॉ’ त्याच्या अगदी उलट: एक गिटार, हलका सूर, आणि येशूकडे लोक कोणकोणत्या नजरेने पाहतात याची चित्रं. कुणाला तो बंडखोर वाटतो, कुणाला कवी, कुणाला जादूगार, कुणाला राजकारणी. शेवटी गायक आपलं मत सांगतो, पण आधीच्या साऱ्या मतांना त्याने न हसता जागा दिलेली असते. ‘आय विश वुई’ड ऑल बीन रेडी’ हे प्रभूच्या पुनरागमनाबद्दलचं गाणं भयावह आहे. त्यातल्या एकाएकी नाहीशा होणाऱ्या माणसांच्या प्रतिमा पुढे पन्नास वर्षं अमेरिकन ख्रिस्ती चित्रपटांत आणि कादंबऱ्यांत फिरत राहिल्या. आणि याच अल्बममध्ये सरळसरळ प्रेमभंगाचं गाणंही आहे! ख्रिस्ती माणसाला प्रेमभंग होतो, हे तबकडीवर मान्य करणं त्या काळी धाडसाचं होतं.

नॉर्मनने हा अल्बम एका त्रयीचा पहिला भाग म्हणून योजला होता: हा वर्तमानाचा, १९७३ चा ‘सो लाँग अगो द गार्डन’ भूतकाळाचा, आणि १९७६ चा ‘इन अनदर लँड’ भविष्याचा. दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर नॉर्मनच्या उघड्या देहावर गवताचं आणि सिंहाचं छायाचित्र मिसळलेलं होतं. नॉर्मनला आदामासारखं दाखवण्याची ही कल्पना लोकांना रुचली नाही आणि वादळ उठलं. तिसऱ्यात एका गाण्याला ब्रिटिश विनोदवीर आणि पियानोवादक डडली मूर यांची साथ आहे. असे अल्बम सुट्या गाण्यांनी कळत नाहीत. पहिली बाजू संपते, तबकडी उलटायला माणूस उठतो, आणि त्या अवकाशात आधीचं गाणं मनात मुरतं. या संगीताचं प्रेम म्हणजे मुळात अल्बमचं प्रेम आहे, ते यामुळे.

विरोध चर्चमधूनच झाला, आणि तो मोठा होता. बॉब लार्सन यांनी १९६७ सालीच रॉक हा सैतानाचा सापळा आहे असं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. तालामुळे वासना चाळवते, ड्रम हे अधर्मी वाद्य, लांब केस म्हणजे बंडखोरी, असे आक्षेप व्यासपीठांवरून वर्षानुवर्षं घेतले गेले. नॉर्मनने त्याला गाण्यातूनच उत्तर दिलं. ‘व्हाय शुड द डेव्हिल हॅव ऑल द गुड म्युझिक’ हे त्या गाण्याचं नावच सगळा युक्तिवाद सांगून जातं: चांगलं संगीत सैतानाला का म्हणून आंदण द्यायचं? लखनौमध्ये जन्मलेल्या क्लिफ रिचर्ड यांनीही १९७८ च्या ‘स्मॉल कॉर्नर्स’ या अल्बमात हे गाणं गायलं आणि ब्रिटनमधल्या श्रोत्यांपर्यंत नेलं.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा इथल्या मंडळ्यांतून परदेशी चालींवर बेतलेली गीतं सर्रास म्हटली जात. टिळकांनी ओवी-अभंग उपासनेत आणले, ख्रिस्ती कीर्तनं केली, आणि आपल्या मातीतल्या चालीत देवाची स्तुती करण्यात पाप नाही हे रचून दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांना टिळक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण प्रश्न तोच होता.

गोऱ्या हिप्पी पोरांची ही कहाणी सांगताना बहुतेक लेखक एक नाव घाईघाईत उरकतात, ते आन्द्रे क्राउच यांचं. हा अन्याय आहे. क्राउच १९४२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले. वडील धर्मोपदेशक, त्यांच्या चर्चमध्ये पोरसवदा आन्द्रे पियानो वाजवू लागले. ‘द ब्लड विल नेव्हर लूज इट्स पॉवर’ हे त्यांचं गीत किशोरवयातलं. ‘आन्द्रे क्राउच अँड द डिसायपल्स’ या गटाचा ‘टेक द मेसेज एव्हरीव्हेअर’ १९६८ सालचा, म्हणजे ‘अपॉन धिस रॉक’च्याही आधीचा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गॉस्पेल परंपरा, सोल, फंक आणि पॉप यांची त्यांनी जी सांगड घातली, ती गोऱ्या आणि काळ्या दोन्ही मंडळ्यांत गायली गेली. विभागलेल्या त्या अमेरिकेत हे सोपं नव्हतं. १९७३ चा ‘लाइव्ह अ‍ॅट कार्नेगी हॉल’ ऐकावा: श्रोत्यांचे हुंकार, टाळ्या, आणि क्राउच यांचं गाण्याच्या मध्येच बोलू लागणं, बोलता बोलता पुन्हा सुरात शिरणं. त्यांचं ‘आय’व्ह गॉट कॉन्फिडन्स’ हे गीत एल्विस प्रेस्लीने गायलं. पुढे मायकल जॅक्सनच्या ‘मॅन इन द मिरर’मधला आणि मॅडोनाच्या ‘लाइक अ प्रेअर’मधला समूहस्वर क्राउच यांच्याच गायकवृंदाचा. १९६९ मध्ये एडविन हॉकिन्स यांच्या ‘ओ हॅपी डे’ने पॉपच्या यादीत जी मजल मारली तीही याच परंपरेच्या बळावर. काळ्या चर्चला वगळून या संगीताचा इतिहास लिहिणं म्हणजे पायाच सोडून घराचं वर्णन करणं.

या गायकांचं आपसांतलं नातं हा या अल्बमांचा आणखी एक आनंद. एका तबकडीच्या श्रेयनामावलीतलं नाव दुसऱ्या तबकडीवर भेटतं. ‘सेकंड चॅप्टर ऑफ अ‍ॅक्ट्स’ हा गट म्हणजे तीन भावंडं: अ‍ॅनी, नेली आणि मॅथ्यू. आईवडील दोन वर्षांच्या अंतराने गेले, तेव्हा धाकटी नेली आणि मॅथ्यू हे अ‍ॅनी आणि तिचे पती बक हेरिंग यांच्या घरी राहायला आले. घरातल्या पियानोभोवती तिघं गाऊ लागली, आणि रेकॉर्डिंगचं तंत्र जाणणाऱ्या बकने ते टिपलं. १९७४ च्या ‘विथ फुटनोट्स’ या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं ‘ईस्टर साँग’ अजून पुनरुत्थानाच्या सणाला गायलं जातं. भावंडांचे गळे एकत्र आले की जो मेळ होतो तो तालमीने साधत नाही, याचा हा अल्बम पुरावा आहे.

याच तिघांना सोबत घेऊन बॅरी मग्वायर यांनी १९७५ मध्ये ‘टु द ब्राइड’ हा जिवंत कार्यक्रमाचा अल्बम केला. मग्वायर म्हणजे १९६५ साली ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ या युद्धविरोधी गाण्याने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठणारे. त्यांचा घोगरा, खरबरीत आवाज आणि या भावंडांचा नितळ मेळ एकत्र ऐकताना अंगावर काटा येतो. बक हेरिंग यांनीच गिटारवादक फिल केगीच्या १९७६ च्या ‘लव्ह ब्रोक थ्रू’ची निर्मिती केली. त्यातलं शीर्षकगीत रचण्यात कीथ ग्रीन आणि रँडी स्टोनहिल या गायकांचा हात होता. म्हणजे गाणं एकाचं, आवाज दुसऱ्याचा, निर्मिती तिसऱ्याची, आणि सगळे एकमेकांचे स्नेही.

फिल केगीबद्दल थोडं सांगायलाच हवं. ओहायो राज्यातल्या यंग्सटाउनचा हा मुलगा चार वर्षांचा असताना पाण्याच्या पंपात सापडून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं तुटलं. त्या साडेनऊ बोटांच्या हातांनी तो अमेरिकेतल्या अव्वल गिटारवादकांत जाऊन बसला. ‘ग्लास हार्प’ हा आपला रॉक बँड सोडल्यावर १९७३ मध्ये त्याने ‘व्हॉट अ डे’ हा अल्बम केला, त्यात सगळी वाद्यं स्वतःच वाजवली.

आणि कीथ ग्रीन. या साऱ्या काळातलं सर्वांत प्रखर, सर्वांत अस्वस्थ करणारं नाव. १९५३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्म, अकराव्या वर्षी डेक्का कंपनीशी करार. बालकलाकार म्हणून नाव होता होता राहिलं. मग नशा, भटकंती, नाना पंथांचा शोध, आणि विशीच्या सुरुवातीला येशूपाशी येऊन थांबणं. १९७७ चा ‘फॉर हिम हू हॅज इअर्स टु हिअर’ हा त्याचा पहिला ख्रिस्ती अल्बम. पियानो तो दोन्ही हातांनी असा हाणतो की वाद्याची परीक्षाच पाहतोय असं वाटावं. दुसऱ्याचं नाव ‘नो कॉम्प्रमाइज’, आणि ते नाव त्याने जगण्याला लावलं. देवाच्या संदेशाचे पैसे कसे घ्यायचे, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. स्पॅरो कंपनीचे बिली रे हर्न यांच्याकडे जाऊन त्याने करारातून मोकळं करण्याची विनंती केली. इतका खपणारा गायक हातचा जात असूनही हर्न यांनी ती मान्य केली, हे त्यांच्या मनाचं मोठेपण.

१९८० साली ग्रीनने घर गहाण टाकून ‘सो यू वाना गो बॅक टु इजिप्ट’ स्वतः काढला आणि जाहीर केलं: ज्याला जेवढं परवडेल तेवढं त्याने द्यावं, काहीच परवडत नसेल तर काही देऊ नये. एका गाण्यात माउथ ऑर्गन वाजवला आहे बॉब डिलनने! शीर्षकगीतात वाळवंटात रोज तोच मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएली लोक कुरकुरतात, आणि ग्रीन मान्न्याच्या नाना पदार्थांची यादी अशी सांगतो की ऐकणारा हसता हसता स्वतःच्या कुरकुरीपाशी येऊन थांबतो. १९८२ च्या मध्यापर्यंत या अल्बमच्या दोन लाखांवर प्रती गेल्या, आणि त्यांतल्या साठ हजारांहून अधिक एकही पैसा न घेता. २८ जुलै १९८२ रोजी टेक्सासमधल्या त्याच्या संस्थेच्या धावपट्टीवरून उडालेलं छोटं विमान कोसळलं. क्षमतेहून जास्त माणसं बसवल्याने ते जड झालं होतं. विमानातले बाराही जण गेले. त्यांत अठ्ठावीस वर्षांचा कीथ होता, आणि त्याची तीन वर्षांची नि दोन वर्षांची दोन मुलं होती.

या काळाची सगळीच बाजू उजळ नाही. लॅरी नॉर्मनने ‘सॉलिड रॉक’ ही कंपनी काढून रँडी स्टोनहिलचा ‘वेलकम टु पॅरडाइज’सारखा सुंदर अल्बम घडवला, पण पुढे त्याचं बहुतेक साथीदारांशी बिनसलं. ‘डॅनियल अ‍ॅमोस’ या बँडचा १९७८ मध्ये तयार झालेला ‘हॉरेंडस डिस्क’ त्या कंपनीत अडकून थेट १९८१ मध्ये बाहेर आला, आणि त्यात त्या बँडची ऐन भरातली वर्षं वाया गेली. सुमार तबकड्याही ढिगाने निघाल्या. संदेश चांगला आहे म्हणजे गाणं चांगलंच, या भ्रमात कित्येकांनी सूर जुळवायचेही कष्ट घेतले नाहीत. प्रेम करणाऱ्याने हे मोकळेपणाने मानावं.

जून १९७२ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस इथे ‘एक्स्प्लो ७२’ हा मोठा मेळावा झाला. त्याच्या अखेरच्या दिवशीच्या कार्यक्रमाला लाखाच्या वर लोक आले. बिली ग्रॅहम यांच्यासारख्या बुजुर्ग प्रचारकाच्या उपस्थितीत नॉर्मन, लव्ह साँग, क्राउच आणि जॉनी कॅश एकाच मंचावर गायले. गिटारला चर्चचं दार तिथून उघडलं आणि त्यापाठोपाठ बाजार आला. टेक्सासमधल्या वर्ड कंपनीने तरुणांसाठी ‘मर’ ही शाखा काढली. ती उभी करणाऱ्या हर्न यांनी १९७६ मध्ये ‘स्पॅरो’ सुरू केली. १९७८ मध्ये ‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’ हे मासिक निघालं आणि या संगीताला कायमचं नाव मिळालं. एमी ग्रँटचा ‘एज टु एज’ १९८२ मध्ये आला आणि या प्रकारातल्या एकल गायकाच्या अल्बमला पहिल्यांदाच ‘गोल्ड’ मानांकन मिळालं. अल्बम चांगला आहे, त्यातलं ‘एल शद्दाय’ तर फारच गोड आहे. पण तिथून पुढे दुकानदार काय ठेवेल आणि रेडिओ काय वाजवेल, हे डोळ्यांसमोर ठेवून गाणी होऊ लागली. युद्धावर, वर्णद्वेषावर बोट ठेवणारं गाणं धार्मिक दुकानाच्या फळीवर अवघडल्यासारखं वाटू लागलं. स्टुडिओ सुधारले, विषय आक्रसले.

म्हणूनच जुन्या तबकड्यांचा शोध थांबत नाही. अनेक बँडांनी पदरमोड करून थोड्याच प्रती काढल्या आणि त्या आपल्याच गावात विकल्या. रँडी स्टोनहिलचा १९७१ चा ‘बॉर्न ट्वाइस’ तर फार तुटपुंज्या खर्चात झाला: एक बाजू कार्यक्रमातली, दुसरी स्टुडिओतली. अशा विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांची जंत्री केन स्कॉट यांनी ‘द आर्कायव्हिस्ट’ या पुस्तकात केली, आणि संग्राहकांसाठी ते शोधाचं साधन झालं. नॉर्मनची छाप तर धर्माशी संबंध नसलेल्या रॉकवरही दिसते. ‘पिक्सीज’ या बँडने १९८७ च्या आपल्या पहिल्या तबकडीचं नाव ‘कम ऑन पिलग्रिम’ ठेवलं, ते नॉर्मनच्या गाण्यातून उचललेलं. २००१ साली ‘कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक’ म्हणजेच ‘सीसीएम’ मासिकाने ख्रिस्ती संगीतातल्या शंभर श्रेष्ठ अल्बमांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक एमी ग्रँटच्या ‘लीड मी ऑन’ला आणि दुसरा ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ला मिळाला. या लेखापुरता निकाल द्यायचा तर हा क्रम उलटा हवा होता.

यांतले बरेच अल्बम आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. सुरुवात ‘लव्ह साँग’पासून करावी, मग नॉर्मन, क्राउच यांचा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम, ‘विथ फुटनोट्स’ आणि कीथ ग्रीनचा पहिला अल्बम. गाण्यांचा क्रम बदलू नये आणि मध्येच उठू नये. धर्म कोणता किंवा तो आहे की नाही, याची अडचण या संगीतात येत नाही. ज्यांना इंग्रजी शब्द पकडणं जड जातं, त्यांनी फिल केगीचा १९७८ सालचा ‘द मास्टर अँड द म्युझिशियन’ आधी लावावा. तो वाद्यसंगीताचा अल्बम आहे.